सुरतच्या मातीखालचा समुद्र

सुरत म्हटलं की आपल्याकडे आधी आठवते ती लूट. १६६४ आणि १६७० अशी दोनदा महाराजांनी लुटलेली श्रीमंत पेठ, हे शाळेतलं पोर सांगतं. मग आठवतात साड्या. त्यानंतर हिरे, घारी, उंधियू, लोचो. आणि थंडीत गेलात तर पोंक. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. कन्नड माहेरच्या बायका त्याला शीतनी म्हणतात. तीन भाषांत तीन नावं, पण शेण्यांच्या विस्तवावरची चव तीच. इतकंच, की सुरतेला त्याच्याबरोबर लिंबू-मिऱ्याची शेव देतात.

मी यंदा जानेवारीत अक्काकडे पंधरा दिवस राहून आले. हुरडा खाल्ला, साड्याही घेतल्या. पण मला तिथं आणखी एक गोष्ट बघायची होती. बत्तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. "भारताचा भूखंड आशियाला धडकला आणि हिमालय उभा राहिला" हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, त्याची मोजदाद नाही. त्या टकरीची एक नोंद सुरत जिल्ह्यातल्या एका कोळशाच्या खाणीत सापडली आहे, हे वाचल्यापासून ती जागा निदान लांबून तरी बघावी असं मनात होतं.

डोंगर झिजतात, खळगे भरतात

टक्कर म्हटली की आपण डोंगराकडे बघतो. ते साहजिक आहे. पण डोंगर झिजत जातो. पाऊस, बर्फ, वारा त्याला कुरतडत असतात. जे झिजतं ते नद्या उचलतात आणि खोलगट जागी नेऊन टाकतात. तिथं गाळावर गाळ साचत जातो. अशा खोलगट जागेला भूवैज्ञानिक द्रोणी म्हणतात. पत्रावळीबरोबरचा द्रोण डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झालं. द्रोणीतला सगळ्यांत खालचा थर सर्वांत जुना, वरचा सर्वांत नवा. वाळू दिसली तर नदी किंवा किनारा, शिंपले दिसले तर समुद्र, कोळसा दिसला तर दलदलीतलं जंगल. घरातल्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांसारखं हे वाचायचं असतं.

आपल्या बेळगावकरांना यासाठी लांब जायची गरज नाही. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून बावन्न मीटर खाली उडी घेते, तो कडा वाळूचाच दगड आहे. बदामीची लेणी ज्यात कोरली तोही तसाच. हा सारा भाग कलादगीच्या द्रोणीतला. शंभर कोटी वर्षांपेक्षाही जुना समुद्र आणि नद्या इथं गाळ टाकत होत्या. ब्रिटिश अमदानीत रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने हा मुलूख तुडवला आणि १८७६ साली त्यावर मोठा अहवाल लिहिला. या द्रोणीत खालचे थर वाकलेले, कललेले आहेत आणि त्यांच्यावर बदामीचे थर जवळजवळ आडवे बसले आहेत. म्हणजे खालचे थर साचले, मग जमिनीला कसला तरी रेटा बसला, थर मुडपले, झिजले आणि त्यानंतर पुन्हा नवा गाळ येऊन बसला. एकाच कड्यात एवढी हकीकत.

सुरतेची हकीकत याहून खूप अलीकडची. पण तिच्यात माणसाच्या कुळाशी नातं सांगणारे प्राणी आहेत, म्हणून ती अधिक जवळची वाटते.

सुरतेत जन्मलेला हिमालयाचा अभ्यासक

सुरतेचा आणि हिमालयाचा संबंध आधी एका माणसामुळे आला. दाराशा नोशेरवान वाडिया. जन्म १८८३ चा, गाव सुरत, घराणं जहाजं बांधणाऱ्या पारशी वाडियांचं. शिक्षण बडोद्याला झालं. १९०७ मध्ये ते जम्मूच्या कॉलेजात शिकवायला गेले आणि सुट्टी पडली की हातोडी घेऊन डोंगरात हिंडू लागले. १९१९ मध्ये त्यांचं भारताच्या भूविज्ञानावरचं पुस्तक आलं. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. १९२१ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले.

काश्मीरच्या वायव्येला नंगा पर्वताजवळ हिमालयाची रांग एकदम वळते, केसांच्या आकड्यासारखी. असं का, हा प्रश्न होता. वाडियांनी १९३१ साली उत्तर मांडलं. भारताच्या जुन्या, कठीण भूमीचं एक टोक जिभेसारखं उत्तरेला घुसलेलं आहे आणि नंतर उभे राहिलेले डोंगर त्या टोकाला वळसा घालून वाकले आहेत. त्या वेळी भूखंड सरकतात ही वेगनरची कल्पना बहुतेकांना पटलेली नव्हती. भूपट्टांचा सिद्धांत रुळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. पण कठीण भूमीभोवती डोंगर वाकले, हे वाडियांचं निरीक्षण पुढेही टिकलं. १९५७ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९६९ मध्ये वारले. डेहराडूनची हिमालयाचा अभ्यास करणारी संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

हे मी रात्री जेवताना सांगत होते. भाचा म्हणाला, "मावशी, वीस वर्षं इथं राहतोय, पण वाडिया म्हटलं की मला मुंबईचं हॉस्पिटलच आठवतं." त्याची बायको गदगची. ती पोळ्या लाटता लाटता हसून म्हणाली, "कल्लु माताडतैतेनु मावशी?" दगड बोलतो काय! मी म्हटलं, बोलतो की, पण फार हळू. ऐकायला बसायला हवं.

तापीचा गाळ

बोलणं गाळावर आलं तशी अक्का गप्प झाली. तिला गाळ माहीत आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला. वर धो धो पाऊस, उकाई धरण भरलेलं, सोडलेलं पाणी शहरात शिरलं. सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. अक्का तेव्हा अडाजणला तळमजल्यावर राहत होती. घरची माणसं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेली म्हणून वाचली. पाणी उतरल्यावर खाली आली तर घरभर चिखल.

"वर लोण्यासारखा मऊ," अक्का सांगत होती, "आणि खुरप्यानं खरवडत गेलं की खाली करकर वाळू लागायची."

मला राहवलं नाही. म्हटलं, अक्का, तुझ्या घरात द्रोणीतला एक थरच साचला होता बघ. पाणी जोरात असतं तेव्हा जाड रेती आधी खाली बसते, पाणी थांबलं की बारीक माती हळूहळू वर बसते. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पुराचे थर दगडात ओळखतात ते असेच.

"ते झालं गं," ती म्हणाली, "पण आईची वही त्यातच गेली."

आमची आई धारवाडकडची, वडील चंदगडचे. आईने कन्नडात लिहिलेली एक वही होती. लोणची-पापडांची मापं, ओव्या, कुणाच्या बाळंतपणाची तारीख, कुणाला दिलेले पैसे, सगळं एकाच वहीत. ती वही अक्काकडे होती. चिखलातून काढली तेव्हा पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. अक्काने ती उन्हात वाळवली, पण एक ओळही लागेना. सुनेला कन्नड लिहिता-वाचता येतं, आज ती वही असती तर तिनेच पोरांना वाचून दाखवली असती. यावर कुणी काही बोललं नाही.

वस्तानची खाण

दुसऱ्या दिवशी भाच्याने गाडी काढली. सुरतेच्या ईशान्येला मांगरोळ तालुका आहे. किमच्या बाजूने आत वळलं की उसाची शेतं लागतात, मधे काळी जमीन. सून म्हणाली, "ही तर आमची एरे मण्णु." खरंच ती तीच. आपल्या बेळगावच्या आसपास जिचा दक्षिणेकडचा काठ लागतो, ती दख्खनच्या काळ्या दगडाची चादर इथवर आणि याच्याही पुढे पसरली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोंढे थरांवर थर पसरले, तो हा दगड.

सुरतेजवळ मात्र हा काळा दगड खाली खचत गेला आणि त्यावर खंभातची द्रोणी तयार झाली. कधी समुद्र आत यायचा, कधी मागे सरायचा. किनाऱ्यावर खाड्या, दलदली, दाट जंगल. त्या जंगलाचा झाला लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा. समुद्रातल्या काळ्या चिखलाचा झाला खंभात शेल नावाचा खडक, आणि त्यातूनच तेल पाझरलं. १९६० मध्ये नर्मदेअलीकडे अंकलेश्वरला तेल लागलं तेव्हा पंडित नेहरूंनी त्या विहिरीला वसुधारा असं नाव दिलं. ते तेल साठून राहिलं ते जमिनीखालच्या थरांना आलेल्या घुमटासारख्या फुगवट्यात. असे फुगवटे नंतरच्या काळातल्या दाबामुळे उठले, आणि हा दाब भारत उत्तरेला आशियावर रेटत राहिल्याचा, असं भूवैज्ञानिक सांगतात. टक्कर झाली दूर हिमालयात, पण पाठीमागे सुरत-भरुचच्या थरांनाही वळ्या पडल्या.

वस्तान गावाजवळची खाण याच द्रोणीच्या काठावर. खाणीत परवानगीशिवाय जाता येत नाही आणि आम्ही तसा हट्टही धरला नाही. रस्त्यावरून दिसले ते काढलेल्या मातीचे लांबच लांब ढीग. भाचा म्हणाला, "मावशी, यात बघायला काय आहे? माती आणि कोळसा!"

त्या मातीत काय निघालं ते ऐका. भारत आफ्रिका-मादागास्करच्या बाजूने निघाला आणि वर्षाला सुमारे पंधरा सेंटिमीटर वेगाने उत्तरेला सरकत होता. भूखंडाच्या मानाने हा वेग प्रचंड. साधारण पाच कोटी वर्षांमागे तो वेग मंदावून जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आला, कारण समोर आशिया होता. वस्तानचे थर बरोबर याच सुमाराचे, पाच ते साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे पाहुणा दारात आला आहे, उंबरा ओलांडतोय, अशा वेळची ही नोंद.

२००० नंतरच्या वर्षांत अशोक साहनी, राजेंद्र राणा, किशोर कुमार, सुनील बाजपेयी अशा आपल्या शास्त्रज्ञांनी आणि केनेथ रोज यांच्यासारख्या परदेशी सहकाऱ्यांनी इथल्या कोळशाच्या थरांमधल्या मातीतून हाडं वेचली. काही इतकी बारीक की माती चाळून दात शोधायचे. वटवाघळांच्या कितीतरी जाती मिळाल्या. माकडांच्या कुळातले चिमुकले प्राणी मिळाले. सशाच्या कुळातल्या प्राण्याच्या घोट्याची हाडं मिळाली. आणि मिळाला कँबेथेरियम, घोडा आणि गेंडा यांचा जुना चुलत नातेवाईक. त्याचं नाव २००५ मध्ये ठेवलं गेलं. २०२० मध्ये साडेतीनशेहून जास्त जीवाश्म तपासून अभ्यासकांनी असं मांडलं की घोडा-गेंड्यांचं कूळ भारतभूमीवर किंवा तिच्या जवळपास उगवलं असावं, भारत आशियाला पुरता जोडला जाण्याच्या थोडं आधी.

यातले बरेच प्राणी त्याच काळच्या युरोपातल्या प्राण्यांचे सोयरे. काही मात्र जुन्या दक्षिणेकडच्या भूमीचे वारसदार, साप आणि बेडूक धरून. दोन्हीकडची गोतावळी एकाच दलदलीत नांदत होती.

देवघरातला धूप

सगळ्यांत नवल वाटलं ते राळेचं. वस्तानच्या कोळशात झाडाच्या चिकाचे पिवळे-तांबूस गोळे मिळाले. यालाच तृणमणी किंवा अँबर म्हणतात. त्यात किडे अडकले होते. २०१० मध्ये येस रुस्ट, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे हुकम सिंह, न्यूयॉर्कचे डेव्हिड ग्रिमाल्डी आदींनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सातशेहून जास्त किडे, शंभरावर जाती. मधमाश्या, मुंग्या, वाळव्या, माश्या, कोळी. ही राळ इतर ठिकाणच्या अँबरपेक्षा मऊ. त्यामुळे ती द्रावणात विरघळवून आतला किडा अख्खा बाहेर काढता येतो, पायावरच्या केसांसकट.

ही राळ गाळणारी झाडं होती सालवृक्षाच्या कुळातली. त्याच कुळातलं एक झाड आपल्या सह्याद्रीत, कर्नाटकच्या घाटात, आजही उभं आहे. कन्नडात त्याला धूपद मर म्हणतात. त्याच्या चिकाचा धूप देवघरात जळतो. तेव्हा संध्याकाळी निखाऱ्यावर राळ टाकली की जो वास दरवळतो, त्याच कुळाच्या जंगलाचा वास सुरतेच्या दलदलीत पाच कोटी वर्षांपूर्वी येत असणार.

आता त्या किड्यांची साक्ष काय? भारत बेट होऊन कोट्यवधी वर्षं एकटा तरंगत आला, अशी पूर्वीची समजूत. तसं असतं तर इथले किडे इतर कुठेही न मिळणारे असायला हवे होते. पण वस्तानच्या किड्यांचे नातेवाईक मिळाले उत्तर युरोपात, आशियात, अमेरिकेतसुद्धा. म्हणजे भूखंड जोडले जाण्याच्या आधीपासूनच ये-जा चालू होती. वाटेत बेटांच्या माळा असाव्यात, त्यांवरून थांबत थांबत किडे, पक्षी, प्राणी पलीकडे गेले आणि अलीकडे आले. टक्कर नेमकी कधी झाली आणि किती टप्प्यांनी झाली, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे. पण येणं-जाणं आधी सुरू झालं होतं, हे या चिकाच्या गोळ्यांनी पक्कं केलं.

शेवटचा टप्पा बघायचा तर सिमल्याजवळच्या सुबाथूला जावं लागतं. तिथल्या खालच्या थरांत समुद्रातल्या न्युम्युलाइट नावाच्या जिवांची कवचं आहेत, नाण्यासारखी चपटी. तसली कवचं सुरत-भरुचच्या थरांतही मिळतात आणि थरांचं वय ठरवायला तीच उपयोगी पडतात. सुबाथूला त्यांच्या वरच्या थरांत समुद्र संपतो आणि नद्यांनी आणलेली तांबडी माती सुरू होते. समुद्र आटला, डोंगर डोकं वर काढू लागला.

वाचता वाचता जळणारी वही

परतताना नानी नरोलीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या. या पट्ट्यातला लिग्नाइट तिथं जळतो. केंद्राची क्षमता पाचशे मेगावॅट. त्या विजेवर कुठं तरी माग चालतात, घरात दिवा लागतो. भाच्याचा धंदा कापडाचा, त्याला विजेची किंमत मी काय सांगणार?

पण इथं एक पेच आहे. खाण खणली नसती तर ती हाडं आणि ते किडे कुणाच्याही हाती लागले नसते. आणि खाण चालते म्हणजे मातीचा कडा रोज पुढे तोडला जातो, काढलेली माती मागच्या खड्ड्यात ढकलली जाते, कोळसा भट्टीत जातो. आज उघडा पडलेला थर उद्या नसतो. शास्त्रज्ञ येतील त्या चार दिवसांत जे हाती लागेल तेच वाचतं. डेहराडून, गढवाल, लखनौ इथल्या संस्थांत जे नमुने जपून ठेवलेत, तेवढीच या वहीची वाचता येणारी पानं.

मला वाटतं, अशा खाणीत रोज कामावर असणाऱ्या माणसांना हाड कसं दिसतं, राळ कशी दिसते, एवढं शिकवायला हवं. यंत्र चालवणारा तरुण जे बघतो ते वर्षातून एकदा येणाऱ्या प्राध्यापकाला दिसत नाही. आणि निघालेल्यापैकी थोडं तरी त्याच जिल्ह्यातल्या मुलांना बघायला मिळायला हवं. भाचा हे ऐकून म्हणाला, "मावशी, पुढच्या खेपेला मुलाला पण आणू इकडे." त्याच्या मुलाचं वय नऊ. त्याने घरी गेल्या गेल्या विचारलं, "आज्जी, घोडा आपल्याकडचा का?" मी म्हटलं, घोड्याचा खापरपणजोबा तरी असावा, शोध चालू आहे.

रात्री सुनेने एक कोरी वही काढली. अक्काला आठवतील तशी आईच्या लोणच्याची मापं सांगायला बसवलं. अक्का मराठीत सांगत होती, मधेच आईचा शब्द कन्नडात यायचा, सून तो कन्नड लिपीत लिहायची. मिरचीच्या लोणच्यात मोहरी किती यावरून दोघींचं अडलं, तेव्हा मला हाक मारली. मलाही नक्की आठवेना. दोन्ही मापं लिहून ठेवली.

जाणाऱ्यांसाठी

सुरतेला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, पोंक मिळेल. तापीच्या पुलावर थांबून पाणी बघा. बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावून सातशेवर किलोमीटर खानदेशातून वाहत आलेली ही नदी आजही द्रोणीत गाळ टाकतेच आहे. तिच्याच काठाकाठाने आलेली खानदेशी मराठी उधना-लिंबायतकडे कानावर पडेल. वेळ असेल तर भरुच जिल्ह्यातल्या रतनपूरचे अकीक बघा. काळ्या दगडाच्या पोकळीत तयार झालेले हे खडे वाहत जाऊन गाळात गोटे होऊन बसले, आणि खंभातच्या कारागिरांनी त्यांचे मणी केले.

सुरतेला जाणं जमलं नाही तर गोकाकला जा. धबधब्याच्या गर्दीतून थोडं बाजूला होऊन कड्याचे थर मुलांना मोजायला लावा. बदामीकडे गेलात तर वाळूच्या दगडावर लाटांच्या बारीक रेघा कुठं दिसतात ते शोधा. कधी तरी तिथं पाणी हललं होतं, त्याच्या त्या खुणा. दगड मात्र फोडून घरी आणू नका.